बारावीनंतर फार्मसी: डिप्लोमा, डिग्री की सहा वर्षं? (डिचोलीहून विचारतोय)

डिचोलीचा_टिपरवाला

नमस्कार मंडळी. इथे आजवर फक्त राजकारणावर आणि मांडवी पुलावरच्या ट्रॅफिकवर लिहीत आलो, आज पहिल्यांदाच कामाचं विचारतोय. सांभाळून घ्या.

लेक बारावी सायन्स झाली. बायोलॉजी आणि गणित दोन्ही होतं. नीट दिली, पण सरकारी एमबीबीएस मिळण्यासारखे गुण नाहीत आणि खाजगी माझ्या ऐपतीत नाही. आता ती म्हणते फार्मसी. घरात तीन माणसं, तीन मतं. भाऊ म्हणतो डिप्लोमा करू दे, दोन वर्षांत दुकान टाकू, बाजारात आपली जागा आहेच. बायको म्हणते डिग्री. आणि लेकीच्या डोक्यात फार्म.डी. (फार्मसीचाच सहा वर्षांचा कोर्स), कारण नावाआधी ‘डॉ.’ लागतं.

खाणीचा माल वाहणारे माझे दोन टिपर होते. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला, २०१८ मध्ये परत बंद झाल्या तेव्हा दुसरा. त्यामुळे ‘ह्याला सध्या खूप डिमांड आहे’ असं कोणी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. ह्या धंद्यात असलेल्यांनी खरं काय ते सांगा.

नुस्तेंकोडी

पोटात गोळा येतो म्हणता आणि मुलीला गोळ्यांच्याच धंद्यात घालता? :)

काउंटरमागचा

टिपरवाले दादा, म्हापशात बावीस वर्षं काउंटरमागे उभा आहे. ‘उभा’ हे शब्दशः घ्या, पायांच्या शिरांचं ऑपरेशन झालंय.

आधी भावाच्या मुद्द्याचं. औषधांचं दुकान नुसत्या जागेवर चालत नाही. किरकोळ विक्रीला १० चौरस मीटर जागा पुरते, घाऊक आणि किरकोळ एकत्र करायचं तर १५. एक फ्रीज लागतो. फॉर्म २० आणि २१ ची लायसन्सं बांबोळीच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) मिळतात. हे सगळं होतं हो. अवघड गोष्ट एकच, ती म्हणजे नोंदणी असलेला फार्मसिस्ट स्वतः दुकानात हजर असणं. १९४८ च्या फार्मसी ॲक्टचं कलम ४२ सांगतं की डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध त्याच्याशिवाय कोणी देऊ नये. म्हणजे सकाळी साडेआठ ते एक, मग चार ते रात्री साडेआठ, आठवड्याचे सहा दिवस. (दुपारी गोवा झोपतो, तेवढीच काय ती आम्हाला उसंत.)

दुसरं, पैसा. सरकारने भाव बांधून दिलेल्या औषधांवर दुकानदाराला १६ टक्के, बाकीच्यांवर साधारण २०. गिऱ्हाईक आत आलं की मोबाइल पुढे करून विचारतं, ‘ऑनलाइन एवढ्याला आहे, तुम्ही किती कमी करणार?’ ई-फार्मसीच्या नियमांचा मसुदा २०१८ मध्ये निघाला होता, तो अजून मसुदाच आहे, पण घरपोच औषधांच्या पिशव्या काही थांबल्या नाहीत. उरलेल्या टक्क्यांत भाडं, वीज, पोरांचा पगार आणि एक्स्पायरी बसवा. दुकान चालतं, माझं चाललंय. पण दोन वर्षांत टाकून बसलं आणि गल्ला वाजायला लागला, असं होत नाही.

तिसरं स्वतःचंच सांगतो, लाज वाटली तरी. डिप्लोमा झाल्यावर पहिले चार महिने मी माझं सर्टिफिकेट एका दुकानदाराला ‘दिलं’ होतं. ते त्याच्या भिंतीवर आणि मी घरी. महिन्याला पाकीट यायचं. एक दिवस फोन आला, ‘इन्स्पेक्टर आलाय, ये धावत’. पायलटच्या (मोटरसायकल टॅक्सीवाल्याच्या) मागे बसून गेलो. पोचलो तेव्हा साहेब बिलबुक उघडून बसले होते. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘ह्या सह्या तुमच्या का?’ एकही माझी नव्हती. त्या दिवसापासून मी सर्टिफिकेटसकट स्वतःही दुकानात असतो. लेकीला कोणी हे गाजर दाखवलं तर काय करायचं ते तुम्हाला कळतंयच.

फर्मागुडी_सी_शिफ्ट

काउंटरमागचा यांना नमस्कार, चांगलं लिहिलंत. मी दुसऱ्या बाजूचा. फर्मागुडीचा बी.फार्म., म्हणजे डिग्रीवाला, गणपतीच्या देवळाच्या पायथ्याशी चार वर्षं काढली. नंतर वेर्ण्याला चौदा वर्षं, आधी प्रॉडक्शन, आता क्यूए, म्हणजे गुणवत्तेवर लक्ष ठेवणारा विभाग.

दादा, गोव्याची एक गोष्ट लक्षात घ्या. एवढ्याशा राज्यात औषधांचे इतके कारखाने दाराशी आहेत की कोकणातली आणि घाटावरची पोरं इथे खोल्या घेऊन राहतात. वेर्ण्यात सिप्ला, ल्युपिन, इंडोको. कोलवाळला ग्लेनमार्क, पिळर्णला युनिकेम, कुंडईला झायडस, पेडण्यात तुयेला सरकारी गोवा अँटिबायोटिक्स. २००३ मध्ये हिमाचलला करसवलती मिळाल्या तेव्हा नवे कारखाने बद्दीकडे धावले. आमच्याकडे ‘आता गोवा संपला’ अशी बोलणी सुरू झाली होती. संपला नाही. खाणीशी तुलना कराल तर फरक एवढाच की इथे एका आदेशाने सगळं एका दिवसात बंद पडत नाही. मात्र बाहेरच्या देशाची तपासणी होऊन एखाद्या प्लांटला इशारा आला की त्या प्लांटमधली भरती दोन-दोन वर्षं थांबते, हेही पाहिलंय.

काम कसं असतं ते एका रात्रीवरून सांगतो. जुलै, रात्रीचे पावणेतीन. कॉम्प्रेशन मशीनवर गोळी पंचाला, म्हणजे पावडर दाबून गोळी करणाऱ्या ठोकळ्याला, चिकटायला लागली. आम्ही त्याला स्टिकिंग म्हणतो. गोळीवरचं अक्षर अर्धं उडालेलं दिसतं. बाहेर धो धो पाऊस आणि क्युबिकलमधल्या आर्द्रतेचा आकडा हळूहळू वर सरकत होता. ऑपरेटर माझ्या वडिलांच्या वयाचा, पंच पुसून म्हणाला, ‘चलूं दी सायबा, सकाळी बघू.’ मी मशीन थांबवलं. तोवर निघालेल्या गोळ्यांचा डबा वेगळा केला, क्यूएला उठवलं, डीह्युमिडिफायर बघायला इंजिनिअरिंगला फोन केला. सकाळी उत्पादनाचा आकडा कमी म्हणून बोलणी खाल्ली. आणि बॅच रेकॉर्डमध्ये वजन लिहिताना मी एक आकडा गिरवून दुरुस्त केला होता, त्यावरून वेगळी शाळा झाली. गिरवायचं नसतं. एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख, कारण. गोळी मीच वाचवली, पण डेव्हिएशन (नियम मोडल्याची नोंद) त्या गिरवलेल्या आकड्यावर निघालं.

आता महत्त्वाचं. कारखान्यात औषध कोणाच्या देखरेखीखाली बनायचं हे नियमात लिहिलेलं आहे. बी.फार्म. असेल तर १८ महिन्यांचा अनुभव, केमिस्ट्रीचा बी.एस्सी. असेल तर ३ वर्षांचा. एफडीए नावानिशी मान्यता देते. आमच्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न, ‘अप्रूव्हल झालं का?’ ते झालं की पगार बदलतो आणि वटही. डिप्लोमा त्या यादीत नाही. डिप्लोमावाले आमच्याकडे आहेत, चांगले आहेत, पॅकिंगमध्ये आणि स्टोअरमध्ये. एका पायरीवर येऊन थांबतात, हे बघायला बरं वाटत नाही.

केमिस्ट्रीवाली

हे बी.फार्म.वाले नेहमी असंच सांगतात :) मी साधी बी.एस्सी. केमिस्ट्री. क्यूसीत, म्हणजे औषध तपासणाऱ्या लॅबमध्ये, एचपीएलसी मशीनवर सहा वर्षं झाली. आमच्या लॅबमध्ये निम्मे आमच्यासारखेच. नुसतं क्यूसीत जायचं असेल तर फार्मसीची फी का भरायची, हाही प्रश्न घरी विचारा.

फर्मागुडी_सी_शिफ्ट

@केमिस्ट्रीवाली बरोबर. पण तुम्ही उद्या क्यूसी सोडलंत तर दुकान टाकता येणार नाही, ड्रग इन्स्पेक्टरचा अर्ज भरता येणार नाही, सरकारी हॉस्पिटलच्या फार्मसीत बसता येणार नाही. बी.फार्म.ला ही तिन्ही दारं उघडी असतात. पदवीत तेवढाच फरक आहे, डोक्यात नाही.

सासर_सावंतवाडी

डिप्लोमाबद्दल एक सावधगिरीची गोष्ट. माझ्या धाकट्या दिराने परराज्यातल्या एका कॉलेजात डिप्लोमा केला. नाव लिहीत नाही. एजंट म्हणाला होता, ‘हजेरीचं टेन्शन नाही, परीक्षेला या फक्त.’ घरात सगळ्यांना वाटलं पोरगा हुशार निघाला, सहा महिने इथे बाजारात बसून दोन वर्षांचा डिप्लोमा घेतला. मग नोंदणीला गेला. कागद पडताळणीला गेले आणि अकरा महिने परतच आले नाहीत. त्या अकरा महिन्यांत त्याने कुडाळला कपड्याच्या दुकानात काम केलं.

कॉलेजला फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची कलम १२ खालची मान्यता आहे का, ती तुमच्या प्रवेशाच्या वर्षापर्यंत चालू आहे का, हे स्वतः कौन्सिलच्या साइटवर बघा. एजंटच्या फाइलमधली झेरॉक्स बघू नका. शिवाय २०२२ च्या नियमांनी डिप्लोमावाल्यांना नोंदणीआधी एक्झिट परीक्षा आणली आहे, म्हणजे आता नुसतं पास होऊन चालत नाही. आणि दोन वर्षांनंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष काम आहे, किमान तीन महिन्यांत पसरलेलं. ते खरंच करा. दिराने तेही सहीवर भागवलं होतं. पहिल्या दिवशी काउंटरवर त्याला सस्पेन्शन आणि सिरपमधला फरक सांगता आला नाही, आणि विचारणारी मी होते, जिने कॉमर्स केलंय.

तुमच्या घरापासून सावंतवाडी, बेळगाव, कोल्हापूर सगळीकडे कॉलेजं आहेत. पण गोव्यात मिळत असेल तर गोव्यातच घाला. राहण्याखाण्याचे पैसे वाचतात आणि पोरगी रात्री घरी असते.

जुन्ता_हावस

पणजीच्या कॉलेजबद्दल कोणी काही बोललं नाही म्हणून म्हाताऱ्याने तोंड उघडलं. १८ जून रस्त्यावरचं गोवा कॉलेज ऑफ फार्मसी. त्याची मुळं १८४२ च्या, म्हणजे पोर्तुगिजांच्या वेळच्या मेडिकल स्कूलमध्ये आहेत. स्वतंत्र कॉलेज झालं ते मुक्तीनंतर, १९६३ मध्ये. आमच्या लहानपणी औषधाच्या दुकानाला ‘बोतिका’ म्हणायचे. आत संगमरवरी टेबल, पितळी तराजू आणि चिनी मातीच्या बरण्या. मिक्श्चर तिथेच ढवळून द्यायचे, बाटलीला कागदाची खाचांची पट्टी चिकटवलेली, एक खाच म्हणजे एक डोस. आज पुडकं उचलून पिशवीत टाकतात आणि त्याला फार्मसी म्हणतात. असो.

मुद्द्याचं म्हणजे सरकारी कॉलेज आहे, फी कमी आहे. पहिला प्रयत्न तिथे करा.

आखातातला_साळकार

दुबईहून. इथे गोयकार फार्मसिस्ट बरेच भेटतात. साधा हिशोब असा: बी.फार्म., भारतात नोंदणी, वर दोन वर्षांचा अनुभव, मग डेटाफ्लो कंपनीकडून कागदांची पडताळणी आणि दुबईच्या आरोग्य प्राधिकरणाची परीक्षा. सर्टिफिकेट भिंतीला टांगून घरी बसलेल्यांचा अनुभव पडताळणीत उघडा पडतो, तेव्हा काउंटरमागचा यांनी सांगितलं ते इकडेही लागू.

अमेरिकेचं स्वप्न असेल तर आधीच सांगतो. २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना तिथे पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. चार वर्षांच्या बी.फार्म.वर दार उघडत नाही, फार्म.डी.वर उघडू शकतं. आमच्याकडे पोर्तुगीज पासपोर्टवाले सरळ इंग्लंडला जायचे, पण ब्रेक्झिटनंतर तो रस्ता बंद झाला. आणि पासपोर्ट असला तरी तिथे फार्मसिस्ट म्हणून उभं राहायला वेगळा कोर्स आणि वर्षभराची उमेदवारी होतीच. वेअरहाऊसमध्ये खोकी उचलायला पासपोर्ट पुरायचा.

डिचोलीचा_टिपरवाला

देव बरें करूं सगळ्यांचं. लेक शेजारी बसून वाचतेय. ती विचारते, फार्म.डी.बद्दल कोणी नीट का सांगत नाही?

वॉर्ड_राउंड

मी सांगते, मी बेळगावची फार्म.डी. सहा वर्षं, पाच कॉलेज आणि एक इंटर्नशिप. कोर्स मला आवडला, खरंच. कॉलेजला किमान ३०० खाटांचं हॉस्पिटल जोडलेलं लागतं, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून पेशंटच्या फाइली हातात येतात. किडनी खराब असलेल्या माणसाचा अँटिबायोटिकचा डोस तपासून मी डॉक्टरांना पहिल्यांदा सांगितलं आणि त्यांनी तो बदलला, तो दिवस मी विसरणार नाही.

पण मग नोकरी. भारतात किती हॉस्पिटलं क्लिनिकल फार्मसिस्टला वॉर्डात उभं करून पगार देतात? मोजकी. माझ्या बॅचमधले निम्मे आज फार्माकोव्हिजिलन्समध्ये आहेत, म्हणजे बंगळुरू-हैदराबादला लॅपटॉपसमोर बसून कुठल्या औषधाने कोणाला काय त्रास झाला त्याच्या केसेस भरतात. पगार ठीक आहे. फक्त त्याला सहा वर्षं लागत नाहीत, तिथे शेजारच्या खुर्चीत बी.फार्म.च बसलेली असते. बाळा, ‘डॉ.’ साठी येऊ नकोस. वॉर्डात उभं राहायची ओढ असेल आणि बाबा सहा वर्षं थांबू शकत असतील तर ये.

नुस्तेंकोडी

टिपरवाले सहा वर्षं थांबले आहेत. खाणी सुरू व्हायची वाट बघत. (क्षमस्व.)

फर्मागुडी_सी_शिफ्ट

बी.फार्म. करून नंतरही रस्ते आहेत. जीपॅट (एम.फार्म.साठीची परीक्षा) काढलं तर एम.फार्म.ला महिन्याला १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. संशोधनात आणि फॉर्म्युलेशन डेव्हलपमेंटमध्ये एम.फार्म.शिवाय सहसा घेत नाहीत. आणि आधी डिप्लोमा केला तरी बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, एक वर्ष जातं एवढंच. म्हणजे पैशाची अडचण असेल तर डिप्लोमा ही चूक नाही. तिथेच थांबायचं ठरवून डिप्लोमा करणं, हे मात्र मी माझ्या बहिणीला करू दिलं नसतं.

काउंटरमागचा

हरकत. आमच्या काउंटरला तुम्ही सगळेच जरा वरून बघता. गेल्या पावसाळ्यात साखळीची एक म्हातारी आली, संधिवाताची. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, पुढे दिवसातून एकदा अशी खूण. हे औषध संधिवाताला आठवड्यातून एकदा घ्यायचं असतं. रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी उतरतात, माणूस जातोसुद्धा. डॉक्टरांना फोन लावला, तीनदा उचलला नाही. म्हातारीला बाकावर बसवलं. ती म्हणाली, ‘बाबा, बस जायल.’ चौथ्यांदा उचलला. घाईत चूक झाली होती, त्यांनी मान्य केलं. मी पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘फक्त रविवारी’. वाचून म्हणाली, ‘रविवारी आमच्याकडे नुस्तें (मासे) असतं, चालेल ना?’

डिप्लोमाच आहे माझा. कळंगुटच्या पट्ट्यात माझा मित्र दुकान चालवतो, त्याच्याकडे रोज एक तरी पर्यटक रिकामी स्ट्रिप दाखवून अल्प्राझोलाम (गुंगी आणणारी गोळी) मागतो आणि दुप्पट पैसे काउंटरवर ठेवतो. ते एच-१ यादीतलं औषध आहे, चिठ्ठी हवी, रजिस्टरमध्ये डॉक्टर, पेशंट, नग सगळं लिहायचं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. तो देत नाही. शेजारचा देतो. शेजाऱ्याची गाडी मोठी आहे.

फर्मागुडी_सी_शिफ्ट

माफी. आधीची पोस्ट तशीच ठेवतो, पण तुमचं पटलं.

पर्वरी_फाइल

सरकारीचं थोडक्यात. ड्रग इन्स्पेक्टरला फार्मसीची पदवी लागते, इथे भरती लोकसेवा आयोगातून. जागा फार थोड्या, जाहिरात कधी येईल नेम नाही, त्यासाठी वर्षं घालवू नका, नोकरी करता करता अर्ज भरा. प्रवेशाचं म्हणाल तर पर्वरीच्या तंत्रशिक्षण संचालनालयाचं माहितीपत्रक पूर्ण वाचा, आणि रहिवासाचा दाखला आजच काढायला टाका. दरवर्षी निम्मी रडारड त्या दाखल्यावरून असते.

डिचोलीचा_टिपरवाला

पंधरा दिवसांनी परत आलो. धागा वर काढल्याबद्दल रागावू नका.

काउंटरमागचा यांचं वाचून लेकीला म्हटलं, आधी आठ तास उभी राहून बघ. ओळखीच्या एका दुकानात आठवडाभर पाठवली. दुकानातल्या काकांनी पहिल्या दिवशी औषधाला हातच लावू दिला नाही, तीन महिन्यांत एक्स्पायर होणारा माल वेगळा काढायला बसवलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती घरी येऊन सांगायला लागली की एकाच मिठाच्या (दुकानात औषधातल्या मूळ द्रव्याला मीठ म्हणतात) औषधाला अकरा नावं आहेत आणि अकरा भाव. सलाईनमधल्या मिठाबद्दल बोलतेय समजून बायकोने आपल्या बीपीची गोष्ट काढली, त्यावरून अर्धा तास गेला. चौथ्या दिवशी पाय सुजले. तरी पाचव्या दिवशी दुकानात गेलीच.

बी.फार्म.चा अर्ज भरतोय. पहिली पसंती पणजी, दुसरी फर्मागुडी. भाऊ रुसलाय, बाजारातली जागा मोबाइलवाल्याला भाड्याने दिली, अकरा महिन्यांचा करार. लेक म्हणते चार वर्षांनी बघू, करार वाढवताना मला विचारा.

एक राहिलं. सासर_सावंतवाडी ताई, सस्पेन्शन आणि सिरपमधला फरक तिने मला सांगितला. ‘वापरण्यापूर्वी हलवा’ असं का लिहितात ते पन्नासाव्या वर्षी कळलं. आजवर मी नुसतंच ओतत होतो.

सासर_सावंतवाडी

:) म्हणजे वरचं पाणी तुम्ही प्यायलात आणि तळातलं औषध बाटलीबरोबर फेकलंत.

डिचोलीचा_टिपरवाला

तरीच तो खोकला दीड महिना गेला नाही.